रंगाखालचं पाणी

लोखंडावर मारलेला रंग पाणी अडवत नाही. हे वाक्य गावात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग आपल्या फाटकाकडे बघतो. रंग मारायचा तोच मुळी पाण्यापासून वाचायला, असं आपण धरूनच चालतो. पण केम्ब्रिजमधले संशोधक जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या आसपास हे मोजून दाखवलं. नेहमीच्या रंगाच्या थरातून पाणी आणि प्राणवायू दोन्ही सहज आत जातात, आणि तेही थोडेथोडके नाहीत. उघडं लोखंड गंजायला जेवढं पाणी आणि जेवढी हवा लागते, तेवढी रंगाखालच्या लोखंडालाही मिळू शकते.

मग रंगवलेलं लोखंड टिकतं तरी कसं?

मी पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो, आणि हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही. आमचा हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. धान्याच्या कोठ्या, खिडक्यांचे गज, ट्रॉलीचे फाळके, पाण्याच्या टाकीचे स्टँड, शाळेच्या मैदानावरचे झोके, सगळं लोखंडाचं आणि सगळं रंगवलेलं. दिवाळीला किंवा घरात लग्न निघालं की नवा हात मारायचा. दोन पावसाळे जात नाहीत तोच रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि दोष रंगाच्या कंपनीवर किंवा दुकानदारावर जातो. मुलं ज्या झोक्यावर बसतात त्याच्या नळीची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. त्या दोन मिलिमीटरमध्ये रंगाआड काय चाललंय, हे कळणं मला फार गरजेचं वाटतं.

गंज ही एक बारीकशी विजेची घडामोड आहे. एकाच लोखंडावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. दुसऱ्या जागी पाणी आणि प्राणवायू मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात आणि तिथे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, तयार होतो. इलेक्ट्रॉन धातूतून वाहतात. हे चक्र पुरं व्हायला मात्र दोन्ही जागांच्या मधल्या पाण्यातून विद्युतभारित कणांनी, म्हणजे आयनांनी, इकडून तिकडे जावं लागतं. चांगल्या रंगाचं मुख्य काम इथे आहे. पाण्याचा रेणू रंगातून निघून जातो, पण आयनाला तो थर ओलांडणं अवघड जातं. दुसरं काम चिकटण्याचं. रंग धातूला कणाकणाने घट्ट धरून असला, तर आत आलेल्या पाण्याला साचायला जागाच उरत नाही. जिथे पकड सुटली तिथे पाण्याचा पापुद्रा तयार होतो, आणि गंजाला जे हवं असतं ते सगळं त्याला तिथे मिळतं. म्हणजे सगळी भिस्त रंगाच्या पकडीवर.

आता यातली एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात दाखवतो. यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केम्ब्रिजमध्येच हा प्रयोग केला होता. लोखंडाची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासायची आणि तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच दोन दर्शक मिसळलेले असतात. फिनॉल्फ्थॅलीन अल्कली झाला की गुलाबी होतं, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लोखंड विरघळलं की निळं होतं. सुरुवातीला थेंबात गुलाबी आणि निळे ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने त्यांची वाटणी होते. थेंबाची कड गुलाबी, मध्यभाग निळा, आणि दोघांच्या मध्ये गंजाचं तपकिरी कडं.

मुलं दर वर्षी चकित होतात, कारण त्यांचा अंदाज नेमका उलटा असतो. हवा कडेला जास्त पोहोचते, तेव्हा गंज कडेलाच चढेल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात कडेचं लोखंड वाचतं आणि मध्यावरचं, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो, तेच झिजतं. प्राणवायू जिथे भरपूर असतो ती जागा इलेक्ट्रॉन घेणारी होते, आणि ते पुरवण्याचा भार कमी हवेच्या जागेवर पडतो. फटीत, सांध्यात, दोन पट्ट्या एकमेकींवर बसवल्या आहेत त्यांच्या मध्ये, चिखल चिकटून राहिला आहे त्याच्या खाली लोखंड आधी का जातं, याचं उत्तर त्या एका थेंबात आहे.

रंगाचा फुगा म्हणजे जवळपास हाच थेंब, फक्त वर झाकण असलेला. पावसाळ्यात कुठल्याही जुन्या फाटकाची खालची पट्टी बघा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात, तिथे मुगाएवढे, तुरीएवढे फोड आलेले असतात. एखादा ताजा फोड नखाने फोडला तर आतून पाण्याचा थेंब येतो, आणि खालचं लोखंड लाल नसतं. काळसर, कधी हिरवट असतं. आत प्राणवायू कमी असल्याने गंज अर्धवट अवस्थेत थांबलेला असतो. हवा लागली की तोच हिरवट काळा लेप डोळ्यांदेखत तपकिरी होऊ लागतो. एकदा हे बघितलं की मग रंगावर तपकिरी ओघळ दिसायची वाट माणूस बघत नाही. ओघळ दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

फोडाची कड मात्र वेगळंच काम करते. तिथे अल्कली तयार होतो, आणि तोही साधासुधा नाही, त्याचा पीएच १२ च्या पुढे जाऊ शकतो. आपल्याकडे जुना ऑईल पेंट काढायचा तर कॉस्टिक सोड्याचं पाणी लावतात, कारण सोडा तेलाचा साबण करतो आणि रंग सुटतो. फोडाच्या कडेला लोखंड स्वतःच तसलं पाणी तयार करत असतं. कडेचा रंग सुटतो, फोड रुंदावतो, नवी कड तयार होते, तीही सुटते. लोखंडाला भोक एका जागी पडत असतं आणि रंग मात्र त्याच्या चहूबाजूंनी उखडत जातो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दुपटीपासून सहापटीपर्यंत. तो वाढताना रंगाला खालून रेटतो.

आमच्या भागातली शकुंतला, ती जुनी नॅरोगेज रेल्वे, आता बंद आहे. तिच्या रुळांना कधी कुणी रंग लावला नाही, आणि आज ते सगळीकडून सारखे तांबूस झाले आहेत. उघडं लोखंड असं सर्वांगाने आणि सावकाश गंजतं. धूर आणि क्षार कमी असलेल्या गावाकडच्या हवेत साध्या पोलादाचा वर्षाला साधारण २५ मायक्रॉनपेक्षा कमी थर जातो, म्हणजे एक मिलिमीटर जायला किमान चाळीस वर्षं. रंगाखालचा गंज एक जागा धरतो आणि तिथेच खोल उतरतो. म्हणून निष्काळजीपणे रंगवलेली पातळ नळी मला उघड्या रुळापेक्षा जास्त काळजीची वाटते.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या पट्ट्याचं दुखणं तिथे आहे.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्या पाणी सोडतात. मीठ बाहेर असतं, पाणी आत असतं, मध्ये फोडीच्या पेशींचा पडदा, आणि मीठ पाण्याला आपल्याकडे ओढतं. रंगाखाली क्षाराचा कण राहिला तर हेच घडतं. कण आत, पावसाचं किंवा दवाचं पाणी बाहेर, मध्ये रंगाचा पडदा. पाणी आत खेचलं जातं आणि फुगा धरतो. त्या पाण्यात क्षार विरघळलेला असल्याने ते वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे गंजाचं चक्र पुरं व्हायला जे आयन लागतात ते जागेवरच हजर असतात. वरून आयन अडवणाऱ्या रंगाचा मग काय उपयोग? ते आधीच आत बसलेले आहेत.

किती क्षार पुरतो? जहाजांच्या पाणी भरायच्या टाक्या रंगवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरवलेली मर्यादा आहे. रंगाआधी पोलादावर विरघळणारा क्षार चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या वर नसावा. हा आकडा हातात घेऊन मी आमच्या गावचा हिशेब मांडला. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात लिटरमागे २ ग्रॅम क्षार असणं ही काही विशेष गोष्ट नाही, कैक ठिकाणी याहून जास्त असतो. अशा पाण्याने फाटक स्वच्छ धुतलं आणि चौरस मीटरवर फक्त ५० मिलिलिटर पाणी चिकटून तिथेच वाळलं, तर मागे १०० मिलिग्रॅम क्षार राहतो. जहाजाच्या मर्यादेच्या दुप्पट, आणि तोही आपण स्वच्छता म्हणून हाताने लावलेला. डोळ्यांना त्यातलं काहीही दिसत नाही. फाटक धुतल्यासारखं लख्ख दिसतं.

आमच्याकडे नेमकं हेच होतं. घासून झालं की बोअरच्या पाण्याची बादली आणि फडकं. मनापासून काम करणारा माणूस तर दोनदा धुतो. म्हणून मी जो भेटेल त्याला सांगत असतो, की बोअरच्या पाण्याने धुवायचं तर धुवा, पण शेवटचं पाणी गोडं फिरवा. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते, नाही तर प्यायच्या पाण्याची कॅन, नाही तर साठवलेलं पावसाचं. एका फाटकाला एक कॅन पुरते. आणि नंतर ते तिथे वाळू न देता कोरड्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. बांधकामाला हा नियम कागदावर आहेच. आय. एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटमध्ये कालवायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. फाटकासाठी तसा नियम कुणी सांगत नाही, पण लोखंड तेच आणि क्षारही तोच.

क्षार पाण्यातूनच येतो असंही नाही. पोटॅश खत म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, आणि खताची पोती कोठीच्या पत्र्याला टेकवून ठेवायची आपली जुनी सवय. गोठ्यात जनावरांचं मूत, घासताना हातांचा घाम. घासलेल्या लोखंडावर उमटलेला पंजा काही दिवसांनी गंजाच्या रूपात वर आलेला मी पाहिला आहे, पाचही बोटं मोजता येतील असा.

पाण्याखालोखाल नव्या लोखंडाचा विषय. बाजारातून आणलेला अँगल निळसर काळा, गुळगुळीत असतो. नवा माल आहे, घासायचं काय त्यात, असं म्हणून त्याच्यावर थेट रेड ऑक्साइडचा, म्हणजे तांबड्या प्रायमरचा, पहिला हात चढतो. ती निळसर काळी कातडी म्हणजे पोलाद तापलेलं असताना लाटताना त्यावर धरलेला ऑक्साइडचा थर. तो पोलादाला पक्का चिकटलेला वाटतो, पण उन्हातान्हात त्याला तडे जातात. त्यात आणखी वाईट हे की तो आणि पोलाद शेजारी ओले झाले की तो इलेक्ट्रॉन घेणारा होतो आणि तड्यातलं उघडं पोलाद झिजतं. मोठ्या कामांत वाळूसारख्या खड्यांचा मारा करून तो पूर्ण उतरवतात. गावात तशी यंत्रं नाहीत. इथे वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि फार तर ग्राइंडर. त्यानेही बरंच होतं, केलं तर.

वेल्डिंगच्या झाळेवरची काचेसारखी मळी ठोकून काढली नाही तर रंग मळीला धरतो, लोखंडाला नाही. अँगलच्या धारेवर रंग वाळताना मागे सरकतो आणि तिथला थर सगळ्यात पातळ राहतो, म्हणून धारा आणि झाळी यांना आधी ब्रशने एक जादा हात द्यावा. जस्ताच्या नव्या टिनांवर थेट ऑईल पेंट मारू नये, तेल आणि जस्त मिळून साबण होतो आणि रंग पानापानाने सुटतो. उन्हाळ्यात दुपारी तर ब्रश उचलूच नये. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लोखंडाला हात लावता येत नाही. अशा लोखंडावर रंगाचं वरचं कातडं लगेच वाळतं, खाली टर्पेंटाईन अडकतं आणि ते बाहेर पडताना बारीक छिद्रं सोडून जातं. एका हाताचा वाळलेला थर मोठ्या मुश्किलीने २५ ते ३० मायक्रॉन असतो, त्याला छिद्र पडायला किती वेळ? उलट दिवाळीच्या सुमाराच्या सकाळी लोखंडावर दव असतं, हाताला लागत नाही पण असतं. माझ्या मते आपल्याकडे लोखंड रंगवायचा खरा काळ माघ ते चैत्र. हवा कोरडी, आणि सकाळ-संध्याकाळ लोखंड हाताला सोसवेल इतकं.

रेड ऑक्साइडबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिथे लोकांची श्रद्धा फार मोठी आहे. पूर्वी पुलांना, पोलादी बांधकामांना पहिला हात शेंदराचा असे, जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेलातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात आणि त्यातून सुटणारे घटक लोखंडाला खरोखरच गंजू देत नाहीत. त्या जुन्या लाल रंगात औषध होतं. शिसं विषारी असल्याने ते मागे पडलं आणि ते योग्यच झालं. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आता दहा लाख भागांत ९० भाग आहे. पण शेंदराच्या जागी आलेला रेड ऑक्साइड दिसायला तांबडा असला तरी तो लोखंडाचंच ऑक्साइड आहे. तो फक्त आड उभा राहतो, गंज थांबवणारं त्यात स्वतःचं असं काही नाही. खारपाणपट्ट्यात जरा जास्त पैसे घालून झिंक फॉस्फेटचा प्रायमर घ्यावा, असं मी ठामपणे सांगतो. मात्र खाली क्षार आणि पापुद्रे तसेच ठेवले तर तोही वाचवणार नाही.

म्हणजे रंगकामातला मोठा भाग रंगाचा डबा उघडण्याआधीच संपलेला असतो. आणि त्या भागाला आपल्याकडे दाम नाही. आमच्या गावात रंगकाम करणारे एक भाऊ आहेत, हयात या धंद्यात गेली. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला इतकं सगळं कळतं, मग घासाई अर्धवट का सोडता? ते शांतपणे म्हणाले, "सर, रंग त कोनीबी मारते. घासनं हेच खरं काम हाय. पन घासाईचे पैसे कोन देते? लोकं डब्बे मोजतेत."

यात त्यांचा काय दोष? भाव ठरतो चौरस फुटावर, आणि त्यात घासणं, धुणं, पुसणं सगळं गिळलेलं असतं. सरकारी अंदाजपत्रकातही रंगकामाच्या ओळीत 'पृष्ठभाग तयार करण्यासह' असे शब्द मागे जोडलेले असतात, दर एकच. जो माणूस तीन दिवस घासेल तो तोट्यात जाईल आणि जो फडकं फिरवून ब्रश उचलेल त्याला नफा. दोघांचं फाटक त्या दिवशी सारखंच चमकेल. फरक पडायला दोन पावसाळे लागतात, तोवर पैसे वाटून झालेले असतात. वायर ब्रशने घासणाऱ्याच्या नाकातोंडात गंजाची धूळ जाते, बोटं सोलतात, आणि केलेलं काम शेवटी रंगाखाली झाकलं जातं. ज्या कामावर सगळं टिकणं अवलंबून, तेच काम फुकटात करून घ्यायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून शाळेतल्या पाण्याच्या टाकीचा स्टँड रंगवायचं निघालं तेव्हा मी समितीपुढे दोन वेगळ्या ओळी मांडल्या. घासाई रोजीने, रंग फुटाने. घासाई संपली हे ठरवणार रंगारी, आम्ही नाही. थोडी कुरकुर झाली. एका सदस्यांनी विचारलं, रोजीने दिलं तर मानूस घासतच राहील ना? मी त्यांना स्टँडपाशी नेलं आणि फुगे दाखवले. त्यांनी स्वतःच किल्लीच्या टोकाने दोन-तीन फोडले, आतलं काळं पाणी बघितलं, आणि सही केली.

भाऊ पुतण्याला सोबत घेऊन आले. चारपैकी तीन पाय चांगले निघाले. चौथ्याचा जमिनीलगतचा वीतभर भाग ब्रशखाली पदर पदर सुटत गेला आणि शेवटी ब्रशची तार आरपार गेली. वेल्डरला बोलावून तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, झाळ ठोकून घासली. दोन कॅन गोडं पाणी फिरवून टिपून घेतलं, आणि घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही म्हणून ऊन कलताच, त्याच संध्याकाळी, प्रायमरचा पहिला हात मारून घेतला.